चार बोटं उघडी खिडकी

जयपूरला बदली झाली तेव्हा आम्हाला रेल्वे कॉलनीत वरच्या मजल्यावरचं क्वार्टर मिळालं, आणि मी मूर्खासारखी खूश झाले. डोक्यावर कुणी खलबत्ता कुटणार नाही, गच्ची जवळजवळ आपल्याच मालकीची, गॅलरीतून किल्ल्याचा डोंगर दिसतो, आणखी काय हवं? आम्ही आलो होतो ऐन थंडीत. ‘ऊपर वाला मकान मिला है?’ असं विचारून कॉलनीतली जुनी माणसं एकमेकांकडे का बघत होती, ते मला एप्रिल उजाडल्यावर कळलं. तोवर सामान लावून झालं होतं.

वरचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती उष्णता आमच्यावर सोडत बसायचा. भिंतीला हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखं वाटे. यातली गंमत अशी की माझा नवरा रेल्वेत वातानुकूलित डब्यांच्या देखभालीवर होता. अख्ख्या गाडीला गारेगार पाठवणारा हा गृहस्थ घरी येऊन ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरातच होता. मी रेल्वेच्याच एका कार्यालयात कारकून होते. तिथे जाड दगडी भिंती होत्या आणि उंच छत होतं, म्हणून उन्हाळ्यात मला रजा घ्यावीशी वाटत नसे.

आम्ही दोघांनी हे सगळं हसत सोसलं असतं. पण त्या वर्षी आई आमच्याकडे होती.

वडील पौषात गेले. मी एकुलती एक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेजारचं घर हाकेच्या अंतरावर, पण हाक जरा मोठी मारावी लागते. आईला गुडघ्यांचा त्रास होता आणि रक्तदाबही. तिथे तिला एकटीला ठेवायची माझी तयारी नव्हती, आणि लेकीच्या घरी कायमचं राहायची तिची नव्हती. ‘उन्हाळ्यापर्यंत बघत्ये’ एवढ्या बोलीवर ती आली. मी मनात ठरवून टाकलं होतं की हिला आता परत पाठवायची नाही. ती रात्री गावी एकटी पडली आणि सकाळपर्यंत कुणाला कळलंच नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नसे. या उन्हाळ्यात तिला इथे निभावता आलं तर ती राहील, नाहीतर जाईल. सगळं त्यावर येऊन थांबलं होतं.

आणि आई तर उन्हाळ्याला आपणहून घरात बोलावत होती.

कोकणात दिवसा घराचं दार लावत नाहीत. दार लावलेलं घर म्हणजे माणसं गावाला गेलेली किंवा घरात काहीतरी वाईट घडलेलं. उकडायला लागलं की दारं-खिडक्या सताड उघडायच्या, समुद्रावरून वारा येतो, हे तिला जन्मापासून ठाऊक. तेव्हा मी ऑफिसला गेले की ती सगळ्या खिडक्या उघडून वाऱ्याची वाट बघत बसायची. वारा यायचाही. भर दुपारी, वाळवंटातून निघालेला. तव्यावरून आल्यासारखा. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकायची तर पाण्याचा माठसुद्धा कोमट झालेला, पलंगावर बोटभर धूळ आणि आई लाल चेहऱ्याने पदराने वारा घेत बसलेली. मी चिडून खिडक्या लावायची, ती रुसून उघडायची. पाच माणसांना पुरतील एवढी भांडणं आम्ही दोघीच भांडत होतो.

मग आम्ही कूलर आणला. कोकणी माणसाने कूलर जसा लावावा तसाच लावला, म्हणजे आईच्या पलंगाशेजारी, खोलीच्या मधोमध, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट बंद. पहिली अर्धी घटका स्वर्ग होता. मग भिंती ओलसर झाल्या, चादरी दमट झाल्या, अंगाला कपडे चिकटायला लागले. जयपूरच्या वैशाखात आम्ही स्वतःच्या खर्चाने मे महिन्यातलं रत्नागिरी तयार केलं होतं. आईचा जीव गुदमरला म्हणून तिने खिडक्या उघडल्या, गरम हवा आली, तेव्हा आम्ही दुसरा कूलर आणला. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो.

समोरच्या क्वार्टरमधल्या ताई नागपूरच्या. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही रेल्वेत, त्या बुकिंगला. बुद्धपौर्णिमेला त्यांनी आमच्याकडे खीर पाठवली होती, तेव्हापासून आईशी त्यांचं चांगलं जमलं होतं. आईला त्यांचं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ ऐकायला फार आवडायचं. त्यांच्याही डोक्यावर तोच स्लॅब होता, पण त्यांच्या घरात माणसं पत्ते खेळत बसलेली असायची. नागपूरची माणसं, उन्हाची सवय असणार, असं म्हणून मी तो विषय संपवला होता. समोरचं दार ठोठावून विचारावं, हे मला सुचलं नाही. आमच्या घराण्यात सल्ला विचारण्यापेक्षा वस्तू विकत घेणं सोपं समजतात.

नवऱ्याने शेवटी तिसरी वस्तूही घेतली. जवाहर नगरातून बदली होऊन जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा जुना एसी टेम्पोत घालून घरी आला. क्वार्टरचं वायरिंग जुनं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसेल. पण सासूबाईंचा लाल चेहरा त्यालाही बघवत नव्हता. त्या माणसाची माया अशीच आहे, बोलणार नाही, जड सामान उचलून आणील. रविवारी दुपारी एसी सुरू झाला. घरघर अशी की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. आम्ही तिघं त्याच्यासमोर रांगेत बसलो. खोली काही गार होईना. जरा वेळाने ठप्प असा आवाज झाला आणि एसीच नव्हे, पंखा, फ्रिज, जिन्यातला दिवा, सगळंच गेलं.

नुसतं आमचं नाही, अख्ख्या जिन्याचं गेलं. जूनच्या दुपारी तळापासून वरपर्यंत सगळी बिऱ्हाडं जिन्यात येऊन उभी राहिली. तळमजल्यावरच्या भाभीजींचं बाळ रडत होतं. सगळ्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं, आणि माझी आई त्या दारात उभी होती. ती आत आली, पलंगावर बसली आणि अगदी हळू आवाजात तिने जावयाला सांगितलं की माझं परतीचं तिकीट काढा. एका म्हातारीसाठी साऱ्या जिन्याला उकाड्यात ठेवायचं पाप मला नको.

मी भडकले. म्हटलं, तू साध्या खिडक्या बंद ठेवल्या असत्यास तर ही वेळ आली नसती. एसी चालू आहे आणि पडद्यामागची खिडकी तू उघडी ठेवलीस, मला दिसली. तेव्हा ती जे बोलली ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“तुझे वडील गेले त्या खोलीची खिडकी महिना-दीड महिना उघडली नव्हती गो. त्यांना उजेड सोसत नसे. मी त्या काळोखात त्यांच्या उशाशी बसून होत्ये. आता मला कुठल्याही गारव्यासाठी बंद खोलीत बस म्हणून सांगू नको.”

इतके दिवस मी तिच्या हेकटपणाशी भांडत होते आणि तिथे हेकटपणा नव्हताच. नवऱ्याने पुढच्या पंधरवड्यातलं तिकीट काढलं. मला रडू येत होतं, पण ते मी भांडी घासताना उरकलं.

त्याच संध्याकाळी, वीज परत आल्यावर, नागपूरच्या ताई आमच्याकडे आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पलंगाशेजारी एक कूलर, दाराशी दुसरा, भिंतीत आडवा बसवलेला एसी, आणि वर दिवसभर तापलेला उघडा स्लॅब. आणि त्या हसायला लागल्या, इतक्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. आईने घाबरत घाबरत सांगितलं की मला खिडकी उघडी लागते, त्यापायी हे सगळं झालं.

“उघडी खिडकी तर पाहिजेच ना, काकू!” ताई म्हणाल्या. “कूलर खोलीत ठेवून काय करून राहिले हे लोक? त्याला बाहेर ठेवा गॅलरीत, खिडकीला तोंड करून. आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. गार हवा आत येणार, गरम हवा तुमच्या खिडकीतून बाहेर जाणार. सगळं बंद केलं तर ती बिचारी जाईल कुठं?”

नवरा ओशाळला. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण घरी आल्यावर त्याने डोकं डब्यातच ठेवून दिलं होतं. डबा थंड होत नाही अशी तक्रार आली की आम्ही यंत्राला नंतर हात लावतो, आधी दारं-खिडक्यांची रबरं बघतो, असं तो स्वतःच म्हणाला. मग एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवणं अवघड झालं. घरात ऊन कुठून येतं, ऊब कोण सोडतं, हे तो हात फिरवत शोधत सुटला. स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब हाताला चटका देत होता. त्याने तिथे सीएफएल लावला. त्या पांढऱ्या उजेडात वरण दवाखान्यातलं वाटतं, असं आई म्हणाली. देवघरातल्या दिव्याला मात्र तिने हात लावू दिला नाही. फ्रिज भिंतीला चिकटून धापा टाकत होता, तो वीतभर पुढे ओढला.

खरं काम गच्चीवर होतं. ताईंच्या माहेरी दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुना लावत. इथेही त्या स्वतःच्या डोक्यावरच्या भागाला लावत आल्या होत्या. आमचा भाग तेवढा काळा राहिला होता. नवऱ्याने झोटवाड्याहून चुन्याच्या गोण्या आणल्या. पत्र्याच्या पिंपात पाणी घातल्यावर चुना असा खदखदायला लागला की आई लांबूनच म्हणाली, यात भात शिजेल. तो निवल्यावर ऊन कलताना आम्ही कुंचे घेऊन वर गेलो. खालच्या भाभीजी आपण होऊन आल्या, स्वतःचे कुंचे घेऊन. वीज पुन्हा जायला नको, हा त्यांचा साधा हिशोब. त्यांनी चुन्यात सरस मिसळायला लावला, म्हणजे पायाला लागून निघत नाही. आम्ही तीन घरच्या बायका ओणव्या होऊन गच्ची सारवत होतो आणि माझा नवरा बादल्या वाहत होता. खूप दिवसांनी मी पोट धरून हसले, कशावर ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई पापड वाळत घालायच्या निमित्ताने वर गेली. मला संशय आला म्हणून मी जिन्यातून डोकावले. तिने चपला काढल्या आणि चुन्यावर अनवाणी उभी राहिली. मग एक पाऊल शेजारच्या जिन्याच्या काळ्या गच्चीवर टाकलं आणि चटकन मागे घेतलं. पुन्हा पांढऱ्यावर येऊन ती जरा वेळ तशीच उभी होती. खाली आल्यावर मात्र पापडांवरच बोलली.

त्या दिवसापासून घराला शिस्त लागली. सकाळी ऊन चढायच्या आधी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या लावायच्या, त्यांवर जुन्या गोधड्या सोडायच्या. एकच कूलर, गॅलरीत, तोही मंद. गॅलरीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा. वाळा आईच्या ओळखीचा निघाला. गावी तो आम्ही माठाच्या पाण्यात टाकतो. पडद्यावर पाणी शिंपडलं की सगळ्या घराला आमच्या माजघराचा वास यायचा. आणि आईच्या पलंगाशेजारची, उत्तरेची, सावलीतली खिडकी चार बोटं उघडी. ती चार बोटं आई स्वतः हात लावून मोजायची. त्या फटीतून खोलीतली हवा बाहेर जाताना तिच्या हाताला लागायची, आणि फटीतून निंबाची एक फांदी दिसायची.

एकच वाद राहिला. तिन्हीसांजेला दार उघडलं नाही तर लक्ष्मी यायची कुठून, हा आईचा प्रश्न, आणि तेव्हा बाहेर अजून तापलेलंच असतं, जेवणं होईपर्यंत थांबा, हे ताईंचं म्हणणं. दोघींनी तोड काढली. दिवेलागणीला पुढचं दार उघडायचं, उदबत्ती फिरवून पुन्हा ओढून घ्यायचं. जेवणं झाली की मग सगळ्या खिडक्या सताड, रात्रभर. लक्ष्मीला आत यायला तेवढा वेळ पुरतो, असं दोघींचं एकमत झालं.

माझे वडील येता-जाता दिवे मालवत फिरायचे आणि मी वैतागायची. वीज वाचवायची म्हणजे अंधारात बसायचं, उकाडा सोसायचा, मन मारायचं, अशीच माझी समजूत होती. इथे उलट झालं. एसी पुन्हा टेम्पोत बसून गेला, दुसरा कूलर ताईंच्या ओळखीने झोटवाड्यातल्या एका कुटुंबाकडे गेला, जिन्यातला दिवा पुन्हा विझला नाही, आणि घर मात्र माणसांत आलं. कमी जाळून जास्त सुख मिळतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला उंटावरचा शहाणा म्हटलं असतं.

पण तिकीट होतंच. मी विषय काढला की आई म्हणायची, काढलंय ना, मग जात्ये. आमच्याकडे एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेत नाहीत. तिने ट्रंक भरली, ताईंना स्वतःच्या हातची लोणच्याची बरणी दिली.

गाडी दुपारची होती. नवरा घरी जाऊन आईला स्टेशनवर आणणार आणि मी ऑफिसातून परस्पर फलाटावर जाणार, असं ठरलं. मी तिच्या प्रवासासाठी जेवणाचा डबा घेऊन वेळेआधीच पोचले. गाडी लागली, माणसं चढली, ही दोघं नाहीत. एसटीडी बूथवरून घरी फोन लावला तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. गाडीने शिट्टी दिली आणि ती माझ्यासमोरून निघून गेली. आईचा रक्तदाब, बाहेरची ती आग, फोन लागत नाही. रिक्षावाल्याला मी सगळ्या वाटेभर ओरडत होते, आणि तो गरीब माणूस ‘जी बहनजी, जी बहनजी’ करत होता.

धावत जिना चढले तर नवरा आमच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसलेला. घामाने शर्ट भिजलेला, डोक्यावर रुमाल. मला बघताच त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“आई झोपल्यात,” तो म्हणाला.

तो न्यायला आला तेव्हा ट्रंक दाराशी, आई नेसून तयार, आणि पलंगावर जरा टेकली ती गाढ झोपलेली. वडील आजारी पडल्यापासून आई दुपारची झोपली नव्हती. रात्रीही दचकून उठायची. हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्याने दोनदा हाक मारायला तोंड उघडलं, त्याला जमेना. मग त्याने फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, हलकेच दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसला.

बाहेर कशाला बसलास, आत गारव्यात बसायचं की, असं मी विचारलं. तर म्हणे, तू रागाने येणार आणि बेल दाबून धरणार, हे ठाऊक होतं मला. मी त्याला काहीतरी जोरदार ऐकवणार होते, ते राहूनच गेलं. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. जिन्यातून झळा वर येत होत्या. तिच्या प्रवासासाठी केलेला जेवणाचा डबा आम्ही दोघांनी उघडला आणि गूळपोळ्या खाल्ल्या.

बऱ्याच वेळाने आतून पावलं वाजली. दार उघडलं. आईच्या गालावर उशीची घडी उमटली होती. तिने आम्हाला पाहिलं, दाराशी ठेवलेली ट्रंक पाहिली, मागे वळून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मी उभी राहिले.

“अगो, दार उघडं टाकून काय उभी राहिलीस?” आई म्हणाली. “सगळी झळ आत येत्ये. आत ये नि दार लाव.”

मी आत गेले आणि दार लावलं.